हुंकार देणारी तार

अजून चहाची वेळही झाली नव्हती, तरी आईच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. जिन्यावर चपलांचा खच, खिडकीत माणसं, सोफ्याच्या हातांवर माणसं. ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही ते दुसऱ्याच्या खांद्यावरून माना लांब करून बघत होते. बघायचं काय, तर टेबलावरचा एक जुना रेकॉर्ड प्लेअर, शेजारी अ‍ॅम्प्लिफायर आणि कोपऱ्यांत कपाटाएवढाले दोन स्पीकर. प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांना जोडणारी तार सोनेरी दोऱ्यात गुंडाळलेली होती आणि तिच्यात मधे मधे काचेचे मणी ओवले होते. या तारेतून वारलेली माणसं बोलतात, असं सगळ्या गल्लीचं एकमत झालं होतं. गल्लीचं एकमत याआधी फक्त पाणी उशिरा येतं याच एका बाबतीत झालं होतं.

"शांतता," नादमहाराज म्हणाले.

महाराजांचा सदरा पांढरा, विजार पांढरी, केस खांद्यापर्यंत, आणि गळ्यात माळेच्या जागी भलेमोठे हेडफोन. हेडफोनची पिन कशातच खोचलेली नव्हती. ती पोटावर लोंबत असे आणि महाराज बोलता बोलता तिला कुरवाळत.

"तार बिचारी जन्मली मोकळी," महाराजांनी डोळे मिटले. "माणसानं काय केलं? तिच्यावर प्लास्टिक चढवलं. प्लास्टिकवर तांब्याची जाळी चढवली. जाळीवर पुन्हा प्लास्टिक! अरे, थंडी वाजत होती का तिला? ही जाळी म्हणजे काय? अहंकार! मी जाळी सोडवली. मी प्लेअरच्या सुईचं डोकंही काढून ठेवलं, कारण सुई नादाला टोचते. आता ही तार पलीकडलं ऐकते."

"वा!" औषधवाला म्हणाला. दुकानात तो गिऱ्हाइकाला गोळीवरची तारीख दोनदा वाचून दाखवायचा. इथे मात्र त्याने नुसती मान डोलावली.

"माई, विचारा."

आई पुढच्याच खुर्चीत बसली होती. डोळे लालभडक आणि पाणावलेले. तिने पदर सावरला, जणू समोर खरंच कुणी येऊन उभं राहिलं होतं. "अहो," ती हळूच म्हणाली, "आहात ना?"

महाराजांनी रिकामा तळवा सगळ्यांना दाखवला. मग दोन बोटं अलगद तारेभोवती मिटली.

"हंऽऽऽऽऽ!"

दोन्ही स्पीकर एकदम हुंकारले. शोकेसमधले ग्लास किणकिणले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी शेजारणीचा दंड इतका घट्ट धरला की शेजारीणही किंचाळली, आणि लोकांना वाटलं तिलाही काहीतरी दिसलं.

आईला ओळख पटायला वेळ लागला नाही. नवऱ्याने, म्हणजे अप्पांनी, हयातभर तिच्या प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर दिलं होतं. भाजी कुठली आणू? हं. पडदे बदलूया का? हं. माझं ऐकताय ना? हं. माणूस गॅलरीतल्या त्याच्या टेबलावर वाकून तारा जोडत बसलेला असायचा, मान वर न करता हुंकार द्यायचा. आता तो जाऊन वर्ष झालं होतं, आणि तरी हुंकार देतच होता. आईच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. दातांची डॉक्टर, चाळिशीला आलेली, तरी आईसाठी अजून चिमीच. पुढचा प्रश्न ऐकून तिने ट्रे दाणकन ओट्यावर ठेवला.

"अहो, मी डोळ्यांचं ऑपरेशन करू का?"

महाराजांची बोटं सुटली. स्पीकर गप्प. खोलीभर सुस्कारे.

"नको म्हणतायत," महाराज म्हणाले. "नादतीर्थ चालू ठेवा."

नादतीर्थ म्हणजे नळाचं पाणी. ते रात्रभर स्पीकरसमोर उघडं ठेवायचं आणि सकाळी डोळ्यांत घालायचं. दोन आठवड्यांत आईचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चिमीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं: मोतीबिंदू पिकून गेलाय, आता थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल आणि डोळा कायमचा जाईल. ऑपरेशन परवावर आलं होतं. आईने ते दोनदा पुढे ढकललं होतं आणि आता रद्द करायला निघाली होती.

"आई, ते पाणी आहे गं, पाणी!" त्या संध्याकाळी चिमीने डोकं आपटून सांगितलं.

"तुझ्या अप्पांचा शब्द आहे."

"शब्द कुठे? अप्पा गप्प बसले!"

"ते गप्प बसले म्हणजे नको असायचं. तुला काय ठाऊक, तुझं कुठे त्यांच्याशी लग्न झालं होतं?"

चिमी कपबशा विसळायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळीला गेली आणि चिमी रागारागात दिवाणखाना झाडायला लागली. अ‍ॅम्प्लिफायर महाराजांच्या हुकमाने सतत चालू असायचा. आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही आणि तारेच्या जवळ जायचं नाही, अंगाची राख होईल, अशी ताकीद होती. टेबलाखालचा केर काढताना तिने आडवी येणारी तार मुठीत धरून बाजूला केली.

"हंऽऽऽऽऽ!"

चिमी उडालीच. कुंचा एकीकडे, सुपली दुसरीकडे. मग तिच्या लक्षात आलं, आपण तर काही विचारलंच नव्हतं.

तिने दाराकडे पाहिलं. नळाचा आवाज येत होता. तिने पुन्हा तार धरली.

"अप्पा, तुम्ही आहात?"

"हंऽऽऽ."

"अप्पा, तुम्ही टेबल आहात?"

"हंऽऽऽ."

"दोन आणि दोन पाच?"

"हंऽऽऽ."

"मी या शतकातली सर्वांत सुंदर दंतवैद्य आहे?"

"हंऽऽऽऽऽ!" तिने जरा जास्तच घट्ट धरलं होतं.

ती जमिनीवर बसून एवढी हसली की आई ओल्या केसांनी बाहेर आली. चिमीने तिथल्या तिथे करून दाखवलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"तू त्यांचीच मुलगी," आई म्हणाली. "तुलाही उत्तर देणारच ते."

म्हणजे नुसतं हात लावून दाखवणं पुरेसं नव्हतं. परक्या हातालाही तार ओरडते हे दिसायला हवं होतं, आणि जाळीवाली तार कुणाच्याच हाताला ओरडत नाही हेही. अप्पांच्या जाळीवाल्या तारा लहानपणी तिने कितीदा हाताळल्या होत्या, त्या कधी ओरडल्या नव्हत्या. पण त्या आता घरात शोधूनही सापडेनात. महाराजांनी 'मुक्त करायला' म्हणून सगळ्या नेल्या होत्या. मग चिमीने दवाखान्याला दुपारची सुट्टी दिली आणि गॅलरीतल्या अप्पांच्या टेबलाचे खण उघडले.

तिथे काळ्या वायरचं भेंडोळं होतं, डबीत पिना होत्या, कथील वितळवून तारा चिकटवायची सोल्डरिंगची काडी होती. काम सोपं होतं, म्हणजे लांबून. वरचं काळं आवरण कापायचं. आत तांब्याच्या केसाएवढ्या तारांची विणलेली जाळी लागते, ती मागे सारून पिळायची. तिच्या आत पांढरं आवरण, आणि त्याच्या आत खरी तार, गाणं वाहून नेणारी. ती तार पिनेच्या मधल्या दांडीला सोल्डर करायची, पिळलेली जाळी बाहेरच्या कड्याला. एक केसही इकडचा तिकडे लागला की स्पीकर मुका.

चिमीने लोकांच्या तोंडात आरसा धरून जन्म काढला होता. तिने जाळीचा एकेक केस चिमट्याने वळवला, सोल्डरचा चकचकीत थेंब बसवला, फुंकर घातली, आणि अभिमानाने पिनेचं टोपण शोधलं. टोपण टेबलावर होतं. ते आधी तारेत ओवून ठेवायचं असतं, मग सोल्डर करायचं. आता ते घालायला वाटच नव्हती. तिने स्वतःला मनापासून एक शिवी दिली, सगळं उखडलं आणि पुन्हा केलं. दुसऱ्या टोकालाही तेच झालं. या वेळची शिवी अधिक मनापासून होती.

"अहो?" मागून आवाज आला.

आई गॅलरीच्या दारात भिंतीला धरून उभी होती. सोल्डरच्या धुराचा तो राळेचा वास तिला झोपेतून उठवून घेऊन आला होता. टेबलाशी वाकलेली आकृती तेवढी तिला धूसर दिसत होती.

"मी आहे, आई."

"हो. तूच असणार." आईने पुन्हा एकदा वास घेतला. "काय करतेयस?"

"अप्पांसारखी तार."

आई भिंत धरत आत निघून गेली. पण रागावली नाही. चिमी तिच्याकडे बघत राहिली आणि पिनेचं टोपण तिसऱ्यांदा विसरली.

संध्याकाळी पुन्हा तीच गर्दी, तेच "शांतता". फक्त महाराज यायच्या आधी चिमीने तार बदलली होती आणि सोनेरी दोरा नव्या तारेवर गुंडाळला होता, मण्यांसकट.

महाराजांनी तळवा दाखवला. बोटं मिटली. आईने विचारलं, "अहो, आहात ना?"

काही नाही.

महाराजांनी बोटं आवळली. मग मूठ. मग दोन्ही हात. तार पिळवटून निघाली, पण स्पीकर ढिम्म. महाराजांच्या कपाळावर घाम डवरला.

"इथे कुणीतरी अश्रद्ध आहे!"

"कालही आम्हीच होतो की," औषधवाला म्हणाला.

"अश्रद्ध मी आहे," चिमी पुढे आली. "आणि तार मी बदललीय. हिला जाळी आहे. आता ही बघा महाराजांची मोकळी तार." तिने पिना उपटून जुनी तार लावली. "कुणीही या. पोस्टमनकाका, तुम्ही या."

"माझी राख झाली म्हणजे?"

"मी सकाळपासून होतेय का?"

पोस्टमनने डोळे मिटून तार धरली आणि कापऱ्या आवाजात हाक मारली, "बाबा, तुम्ही आहात ना?"

"हंऽऽऽऽऽ!"

"अरे गाढवा!" मागच्या रांगेतून एक म्हातारा खेकसला. "मी इथे जिवंत उभा आहे!"

सगळ्यांच्या माना त्या म्हाताऱ्याकडे वळल्या, आणि मग खोली जी फुटली! लोक पोटं धरून बसले, आणि मग रांग लागली. औषधवाल्याने विचारलं, मी राजा होईन का? हं. शाळेतल्या शिपायाने विचारलं, मी मासा आहे का? हं. काकूंनी पदर खोचून तार धरली. "माझा मुलगा गुणी आहे ना?" हं. "मी प्रेमळ आहे ना?" हंऽऽ. "आणि माझी सून?" हंऽऽऽऽ! काकूंनी झटक्यात हात काढला. "छे! हे साफ खोटं आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा महाराजांवरचा विश्वास तिथेच संपला.

"पण मग हे होतं कसं?" शिपायाने विचारलं.

"घरात भिंतीभिंतीतून विजेच्या तारा गेल्यात," चिमी म्हणाली. "त्यांची बारीक थरथर सतत आपल्या अंगावर येत असते. आपल्याला ती कळत नाही, पण आपण सगळे चालतेफिरते एरियल आहोत. उघड्या तारेला धरलं की ती थरथर तारेत उतरते आणि अ‍ॅम्प्लिफायर ती हजारपट मोठी करतो. सुईचं डोकं काढल्यामुळे तारेचं एक टोक अधांतरी आहे, म्हणून ती जास्तच ओरडते. जाळी ही थरथर बाहेरच झेलते आणि आतल्या तारेपर्यंत पोचू देत नाही. एवढंच. महाराजांना हो हवं असलं की बोटं मिटायची, नको हवं असलं की उघडायची."

महाराज भिंतीला घासत दाराकडे सरकत होते. बाहेर निसटताना हेडफोनची वायर दाराच्या कडीत अडकली. दोन हिसके देऊन ती निघेना, तेव्हा ते हेडफोन तिथेच सोडून जिना उतरले.

हशा चालूच होता. तेवढ्यात आई उठली आणि लोकांनी तिला वाट करून दिली. ती टेबल चाचपत आली, तार शोधली आणि मुठीत धरली.

"मी ऑपरेशन करू?"

"हंऽऽऽ."

"नको करू?"

"हंऽऽऽ."

आईने तार सोडली नाही. हुंकार चालूच राहिला, एकसुरी, लांबच लांब. चिमीला वाटलं, आता हिच्याकडे अप्पांचं काही उरलंच नाही, आपण फार वाईट केलं.

"चिमे," आई म्हणाली, "हा आवाज मी ओळखते गं. हा त्यांचा नाहीच. ही ती स्पीकरमधली घरघर. ही आली की ते जेवणावरून उठायचे. हिच्यापायी आमचं फिरायला जाणं राहिलं. जन्मभर त्या माणसानं जाळ्या लावल्या त्या हिला घराबाहेर ठेवायला, आणि मी तिलाच 'अहो, अहो' करत बसले!"

ती हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली. काकू तर नुसत्याच रडल्या. मग चिमीने जाळीची तार लावली, सुईचं डोकं बसवलं आणि अप्पांच्या रेकॉर्डपैकी एक चढवली. गाणं सुरू होण्याआधी स्पीकरमध्ये स्वच्छ शांतता होती. आई त्या शांततेकडे कान लावून बसली. "हे त्यांचं काम," ती म्हणाली. त्या रात्री नादतीर्थ मोरीत गेलं.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली तशी आईने आधी मुलीला नीट पाहून घेतलं, तू वाळलीस म्हणाली, आणि मग ती तार मागवली. पिनेचं टोपण फिरवून आत पाहिलं.

"काय गं हे सोल्डर! ढेकळं नुसती. त्यांनी घरात घेतली नसती ही तार."

"चालते ना?"

"चालते," आईने कबूल केलं.

काकू विचारपूस करायला आल्या होत्या. पलीकडच्या रस्त्यावर कुणा बाईकडे म्हणे आपोआप दिवा लागतो, अशी बातमीही आणली होती. आईने काळा चष्मा चढवला.

"जा खुशाल बघायला," ती म्हणाली. "फक्त तो दिवा उचलून खालून बघू देतात का, ते विचारा. नाही म्हणाले तर तिथेच समजा. मी विचारलं नाही, हो. मला त्यांची इतकी आठवण येत होती की मी आधी हात जोडले आणि तपासायचं राहूनच गेलं. डोळा थोडक्यात वाचला. तुम्ही आधी तपासा. हात नंतर जोडा. मला वाटतं, जोडायची वेळच येणार नाही."