वाफेतला जीव

तुमच्या घरच्या कुकरला एक थोरला भाऊ असतो, हे ठाऊक आहे का मित्रांनो? तो मी. मी एक जुना ऑटोक्लेव्ह आहे. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, कापडं माझ्या पोटात ठेवून झाकण गच्च आवळायचं आणि कोंडलेली वाफ त्यांच्यावर सोडायची, हे माझं काम.

कारखान्यात जाड पोलाद वाकवून मला घडवलं. एका छोट्या प्रसूतिगृहात मी आलो, तेव्हा थोरल्या सिस्टरांनी माझ्या झाकणावरून मायेनं हात फिरवला. शिकवायला मात्र त्या फार कडक. नवी आलेली धाकटी सिस्टर एकदा म्हणाली, "ताई, क्लीन काय नि स्टराईल काय, दोन्ही स्वच्छच ना?"

"नाही गं बाई," थोरल्या म्हणाल्या. "क्लीन म्हणजे डोळ्याला दिसणारी घाण गेली. स्टराईल म्हणजे न दिसणारा एकही जंतू जिवंत उरला नाही. लखलखणारी कात्रीसुद्धा घात करू शकते. पुरेशी वाफ लागली की पुडक्यावरची ही पट्टी काळी होते. ती काळी झालेली बघायची आणि मगच हात लावायचा."

मी थक्क झालो. कुणाला दिसतही नाही, असं केवढं मोठं काम माझ्या पोटात चालतं!

मग तो दिवस आला. थोरल्यांची स्वतःची लेक बाळंतपणाला आली आणि बाळ अडलं. ऑपरेशन करणं भाग होतं. अवजारांचा एक संच सकाळीच वापरून झालेला, दुसरा माझ्या पोटात, वाफ नुकती चढलेली. लेकीचं कण्हणं ऐकून थोरल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या धावत आल्या आणि वाफ सोडायला त्यांनी हात घातला.

"काढ ती अवजारं! घासून पुसून ठेवली होती मी. स्वच्छ आहेत!"

धाकटी मध्ये उभी राहिली.

"ताई, क्लीन आहेत. स्टराईल नाहीत अजून."

थोरल्यांनी हात मागे घेतला. आतून डॉक्टरीणबाईंनी हाक दिली, "बाळाचे ठोके चांगले आहेत. थांबू शकतो आपण. पूर्ण होऊ द्या!"

थोरल्या मटकन स्टुलावर बसल्या. वाफेच्या दाबाचा काटा जागचा हलू नये म्हणून मी सगळा जीव एकवटला. अखेर वाफ सुटली, झाकण उघडलं. पट्ट्या काळ्याभोर झाल्या होत्या.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून ट्यँहॅं ऐकू आलं. मित्रांनो, मी आजही त्या आवाजानं भारावतो. ज्या पोटात मी एकही जीव उरू दिला नव्हता, त्यातून गेलेल्या अवजारांनी एक जीव सुखरूप बाहेर आणला होता! थोरल्यांनी धाकटीला घट्ट मिठी मारली आणि त्या ढसाढसा रडल्या.

आता बटणाचं नवं यंत्र आलं आहे. मी मागच्या ओसरीत उभा असतो. माळीदादा माझ्यात पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवतात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण माझ्या नव्या भावंडाला घाई करू नका, त्याची पट्टी बघितल्याशिवाय चकाकीवर भुलू नका, एवढंच माझं मागणं आहे.

परवा थोरल्या सिस्टर आपल्या नातीला घेऊन आल्या होत्या. तिनं माझ्या गंजक्या झाकणावर टकटक केलं.

"आजी, हे काय आहे?"

"यानं तुला जरा थांबायला लावलं होतं," थोरल्या म्हणाल्या, "म्हणून तुझी आई आज घरी तुझी वाट बघतेय."