लॉजची फुकट सायकल

मित्रांनो, एका लॉजच्या जिन्याखाली कोळिष्टकांच्या सोबतीने राहणारी मी एक जुनी सायकल आहे. माझी घंटा सोडून बाकी सगळं वाजतं, हा विनोद लॉजचे मालक प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात.

कारखान्यातून आले तेव्हा मी काळीभोर होते. मला एका धारवाल्याने घेतलं. त्याने मला जाड लोखंडी स्टँड जोडून घेतला आणि दांड्यावर धारेचा दगड बसवला. तो पॅडल मारी, दगड गरगर फिरे, ठिणग्या उडत आणि सुऱ्या-कात्र्या लखलखत. लोक म्हणत, "याच्या हाताला गुण आहे." मेहनत माझी आणि गुण त्याच्या हाताला! पण मला राग नव्हता, कारण रोज संध्याकाळी तो माझ्या साखळीला तेल घाली. त्याचे गुडघे गेले तेव्हा त्याने मला लॉजच्या मालकांना विकलं, आणि त्यांनी मला पाहुण्यांना फुकट वापरायला ठेवलं. दगड निघाला, स्टँड तसाच राहिला. तेल कोणी घातलं नाही आणि साखळी गंजत गेली.

एकदा दोन दिवसांसाठी एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ लॉजवर उतरले. भाऊ घड्याळं दुरुस्त करी. दुपारी एका मोठ्या दुकानात त्याच्या हाताची परीक्षा होती. पास झाला तर नोकरी पक्की.

"ताई, आज तरी बसने जाऊ. हात थरथरायला नकोत," भाऊ म्हणाला.

"फुकटची सायकल असताना बस कशाला? मी चालवते. तू मागे साहेबासारखा हात मांडीवर ठेवून बस."

तो खरोखर तसाच बसला.

बाजाराच्या चौकात दुसराच एक धारवाला उभा होता. आठच दिवसांपूर्वी त्याची सायकल चोरीला गेली होती. त्याने माझा स्टँड पाहिला मात्र, आणि ओरडला, "ही माझी सायकल! धरा चोराला!"

पुढचं सांगताना आजही माझी चाकं जड होतात. त्याने भावाला कॉलर धरून खाली ओढलं. ताई माझ्यासकट आडवी झाली. बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली. कोणी लाथा घातल्या, कोणी डोकं रस्त्यावर आपटलं. भाजी घ्यायला आलेल्या एका गृहस्थाने पिशवी नीट बाजूला ठेवली आणि मग मारलं. तुडवातुडवीत माझी गंजकी साखळी तुटली. एका तरुणाने ती उचलून मुठीला गुंडाळली. भावाने तोंडावर उजवा हात धरला. साखळी त्या हातावर पडली, पुन्हा पडली, पुन्हा पडली. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मारणारी साखळी माझी होती, मित्रांनो.

ताई भावाच्या अंगावर आडवी पडून किंचाळली, "तुमची आहे ना? मग खूण दाखवा!"

"दाखवतो की! पॅडलखाली तीन ठिपके आहेत. मी स्वतः ठोकलेत."

धारवाल्याने मला उलटं केलं. त्याने अंगठ्याने गंज पुसला, थुंकी लावून घासला. ठिपके नव्हते. असणार कसे? मी त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

"माझी पण अगदी अशीच होती हो," तो पुटपुटला आणि मटकन खाली बसला. गर्दी पांगली. त्या गृहस्थाने पिशवी उचलली आणि तो घरी गेला.

परीक्षेची वेळ दवाखान्यात टळली. हात वाचला, पण दोन बोटं आता कधीच वाकणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. निघण्यापूर्वी भाऊ जिन्याखाली आला आणि एका हाताने माझी साखळी जोडू लागला. ती तीनदा निसटली. मग ताईने दुसरं टोक धरलं. ती रडत होती.

मित्रांनो, तुमच्या सायकलीला वेळच्या वेळी तेल घाला. पण त्याहून मोठी विनंती ही, की कोणावर हात उगारण्याआधी खूण पाहा. मला उलटं करून पाहायला त्या धारवाल्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तेच मिनिट त्याने आधी काढलं असतं, तर ती दोन बोटं आज कोणाचं तरी बंद घड्याळ चालू करत असती.