असूदे

आमची नात जननी संगणकावर चित्रकथा काढते आणि जगभरची रिकामटेकडी माणसं ती फुकट वाचतात. कथेत एक म्हातारा जादूगार आहे. बारा राज्यं पालथी घालून झाली, तरी आपली सगळ्यात मोठी शक्ती काही त्यानं दाखवलेली नाही. ती येत्या शुक्रवारी, शेवटच्या भागात कळणार. तेवढाही धीर नाही म्हणून रविवारी दुपारी तिचे दोन वाचक, नवीन आणि रम्या, आमच्या चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या घरी येऊन बसले. दोघं नोकरीवाले, जाणते. नवीन तर शहराच्या पार टोकाच्या आवडी गावाहून आलेला. एवढ्या वेळात माणूस मुलगी बघून येतो.

मी चकलीसारखं मुरुक्कु ठेवलं आणि ऐकत बसले. नवीनचं म्हणणं, शक्ती मंत्रात आहे. कथा सगळी इंग्रजीत, पण अडचणीत सापडला की जादूगार एक शब्द पुटपुटतो, तो कुठल्याच कोशात नाही. ह्यानं त्याची फोड करून आणली होती. 'असु' म्हणजे असुर, 'डे' म्हणजे देव. दोघांचं बळ एक झालं की डोंगर फुटणार. रम्या म्हणाली, छे, काळ थांबणार. तासभर डोंगर आणि काळ चाललं होतं. जननी गालात हसत होती.

कोणता रे शब्द, मी विचारलं. नवीननं डोळे मिटले, हात वर केले.

"असूडे."

मला ठसकाच लागला. असूदे! हा माझा, आमच्या घरच्या मराठीतला शब्द. सून अंबुजा भांडं आपटते तेव्हा मी म्हणते तो. मग चित्र नीट पाहिलं. नाकही माझंच, दाढी तेवढी जास्तीची.

पाहुणे गेल्यावर जननीला शेवटचा भाग दाखवायला लावला. राक्षसराजा समोर उभा. जादूगार असूदे म्हणतो, त्याचे सगळे अपराध पोटात घालतो आणि उजेड होऊन विरून जातो.

"म्हणजे मी मरते."

"तू नाही आज्जी, तो. आणि किती छान मरतो बघ."

"मारतेस तर मार. पण माफ कशाला करायला लावलंस?"

"असूदे म्हणजे माफच ना? जाऊ दे, सोडलं."

ह्या पोरांना मराठी आम्हीच शिकवली, दोष कुणाला द्यायचा? तिला माझ्या नणंदेची, सीतालक्ष्मीची गोष्ट सांगितली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, भरल्या पंगतीत, तिनं माझी उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पचडी बोटानं बाजूला सारली. गुरांना घाला म्हणाली. मी म्हटलं, असूदे. त्यानंतर ती असताना घरात पचडी झाली नाही. शेवटच्या आजारपणात इथंच होती. तोंडाला चव नव्हती, पचडी तीनदा मागितली. तिन्ही वेळा मी तांदळाची कंजी नेऊन दिली. गरम, तूप घालून, वेळेवर.

जननी हसली नाही. "तिला कळलं होतं?"

"पहिल्या वाटीलाच."

जननीनं चित्रातला तो उजेड पुसला. शुक्रवारी जादूगार असूदे म्हणाला आणि राक्षसराजाच्या महालातच राहायला गेला. रोज सकाळी त्याची विचारपूस करतो, उशी नीट करतो. चौकटीगणिक राक्षस वाळत जातो.

नवीनचा लगेच फोन. भाग चुकून अर्धाच आलाय का, शक्ती कुठाय? रम्याला मात्र दुसऱ्या चौकटीतच कळली. तिची सासू तिच्याकडेच असते.