डाव्या बुटाचे तीन खिळे

मी ऑस्कर ट्रेगिअरच्या डाव्या पायाचा बूट बोलतोय. उजव्याला काही विचारू नका. तो आतल्या गाठीचा आहे.

ऑस्कर मेलबर्नमधल्या कॉलिंगवुडच्या बूट-कारखान्यात कामाला. सुट्टीला ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचा, ज्यात चेंडू हातात धरून लाथेनं गोलात मारतात. मला त्यानंच शिवलं. चिखलात पाय रोवावा म्हणून तळाला चामड्याच्या आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या. सामन्याआधी पंच प्रत्येकाच्या तळावरून अंगठा फिरवतो. वर आलेला खिळा लागला की खेळाडू बाहेर. मी नेहमी पास. पण दुसऱ्या सामन्यात ऐन खेळात माझा खिळा वर आला आणि मॉर्टची नडगी फाटली. मॉर्ट समोरच्या संघातला, ऑस्करचा सख्खा मेहुणा.

"हाड दिसत होतं माझ्या भावाचं!" मेबेल नवऱ्यावर कडाडली.

"खेळात लागतंच गं. पाचव्या सामन्यात पुन्हा त्याच्याशीच गाठ आहे."

त्या पाचव्या सामन्यात आम्ही एका गुणानं मागे होतो. शेवटचं मिनिट, चेंडू ऑस्करच्या हातात, गोल समोर. त्यानं मला रोवून उजवा पाय उचलला आणि माझी पट्टीच निघाली. तो आपटला. चेंडू भलतीकडे गेला.

"विकला गेला रे ट्रेगिअर!" आपलेच लोक ओरडले. संघाची जर्सी त्याला पुन्हा मिळाली नाही.

मला सगळ्यांचा संशय आला. मला चरबी चोपडणाऱ्या मालिशवाल्याचा, कप्तानाचा, उजव्याचा तर आलाच. साप म्हणून भुई धोपटत राहिलो. कारण आदल्या दुपारी चुलीच्या उबेला माझा डोळा लागला होता आणि कुणी हात लावला ते दिसलंच नाही, ही माझीच चूक.

घरी ऑस्करनं मला मांडीवर पालथा घेतला. तीन भोकं स्वच्छ होती, कडेला पकडीचे ओरखडे. पंचाचा अंगठा वर आलेले खिळे शोधतो, नसलेले नाही. ऑस्करनं मेबेलकडे पाहिलं. तिनं नजर चुकवून हातातला कप खाली ठेवला.

"क्लबच्या कमिटीला काय सांगणार?" तिनं विचारलं.

"पाय घसरला."

"कोण विश्वास ठेवेल?"

"कुणीच नाही," असं म्हणून त्यानं मला पडवीत खुंटीला टांगलं.

रविवारी मॉर्ट जेवायला येतो, धड पायांनी. "दाजी, आता तरी सांगा, किती घेतलेत?" ऑस्कर हसून त्याच्यापुढे बटाटे सरकवतो. मेबेल ताटातून मान वर करत नाही. मला फार वाईट वाटतं.

मॉर्टही बूट-कारखान्यातलाच, पकडीचे ओरखडे लगेच ओळखेल. परवा तो माझ्याकडे टक लावून बघत होता. तुम्हीही बघताय. हात जोडतो, मला पालथा करू नका. पाच सामन्यांत संपलेल्या त्या माणसानं एवढं एकच गुपित राखलंय.