शामकलानं नाव घेतलं

म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासायला आमच्या दवनीवाड्याच्या शाळेत गोंदियाहून डॉक्टर येणार, असं ऐकलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो. या वयात परीक्षा कसल्या घेता! पण बायकोला, शामकलाला, तिथं न्यायचं हे मी मनात तेव्हाच पक्कं केलं. दोन-तीन महिन्यांपासून भाजीत दोनदा मीठ पडत होतं. दूध उतू जाऊन पातेलं काळं व्हायचं आणि ती शेजारीच बसलेली असायची. सून काही बोलायची नाही. मीही खारट भाजी मुकाट्यानं गिळायचो. पंचेचाळीस वर्षांत या बाईच्या हातचं मीठ कधी चुकलं नव्हतं. मला भीती वाटत होती आणि ती कोणाला सांगवत नव्हती.

वर्गात डॉक्टर चंचल मॅडम बसल्या होत्या. तरणीताठी मुलगी, पण आम्ही आत गेल्या गेल्या मला दम दिला, बाकावर गप्प बसा. नवरे मधूनमधून उत्तरं पुरवतात म्हणे. मला राग आला, कारण मी नेमका तेच करायला गेलो होतो.

"काकीजी, टेन्शन नका घेऊ," मॅडम म्हणाल्या. "आधी काकाजींचं नाव सांगा."

आता मजा येणार, असं मला वाटलं. आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, आणि त्यात शामकला म्हणजे कहर. आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या जत्रेत एकदा आमची चुकामूक झाली. लाउडस्पीकरवाल्यानं डोकं फोडून घेतलं, तरी हिनं माझं नाव सांगितलं नाही. शेवटी त्यानं आमच्या मुलाच्या नावानं पुकारा केला, "योगराजचे बाबूजी, जिथं असाल तिथून या." मी पोचलो तर मंडपात आणखी तीन योगराजांचे बाप आधीच हजर होते.

शामकलानं पदर सारखा केला आणि सरळ मॅडमकडं बघून म्हणाली, "केशोराव."

मॅडमनी लिहून घेतलं. मी बाकावरून अर्धा उठलो, मग दम आठवून परत बसलो.

पुढं तिनं वार सांगितला, महिना सांगितला. तीन शब्द ऐकवले होते, त्यांतले दोन थोड्या वेळानं परत सांगितले. तीसपैकी पंचवीस मार्क मिळाले. "बढिया, या वयाला ठीक आहे," असं मॅडम म्हणाल्या आणि शामकला पाणी प्यायला बाहेर गेली. मी जागचा हललो नाही.

"मॅडम, तिचं पयलं उत्तर चुकलं."

"नाव तर बरोबर सांगितलं ना, काकाजी?"

"नाव बरोबर आहे. पन तिनं ते घेतलं ना! घ्याचं नसते, हेच भुलली ती."

मग मीठ, दूध, सगळं सांगून टाकलं. मॅडमचं हसू गेलं. ही तपासणी म्हणजे नुसती चाळणी आहे, त्यांनी समजावलं, खरं काय ते नागपूरला मोठे डॉक्टर सांगतील. आजार असेल तर लवकर कळलेला बरा. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. बायकोची चहाडी करून आल्यासारखा मी बाहेर पडलो.

ती शाळेच्या पायरीवर बसली होती. "कायचा कागद हो जी?"

खोटं अगदी ओठावर आलं होतं. पण तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. "नागपूरले जाऊ आपन. तू माहं नाव घेतलं, अन् मी भेलो. वाटलं, तू रीत भुलली."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं सरकून पायरीवर मला जागा केली.

"रीत नाही भुलली मी," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी एक दिवस तुम्ही आंगनात दातून करून राहिले होते. मी पाहून राहिली, अन् तुमचं नाव आठवेच ना. मानूस माहा, अन् नावच नाही! दुपारी आठवलं. तवापासून रोज मनात घोकून राहिली. आज बाईनं इचारलं, त वाटलं, आहे तवा घेऊन घ्यावं."

माझे डोळे भरून आले, ते लपवावेसेही वाटले नाहीत.

"आनखी एकदा घे," मी म्हणालो.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. व्हरांड्यात गावातली चार माणसं बसली होती. शामकला लाजली, आणि त्यांच्यादेखत तिनं माझं नाव घेतलं.