दोनशे ग्रॅमचा मफलर

मी तान्ह्या बाळांचा वजनकाटा. आयुष्यभर नुसतं दाखवत आलो, बोललो कधी नाही. आज बोलतोय, कारण मी पुन्हा चुकीचं दाखवतोय आणि माझ्यासमोरून जाणाऱ्यांना त्याचं काहीच वाटत नाही.

मी कारखान्यातला. पत्र्याचं लांबट पारडं, खाली गोल तबकडी, तिच्यावर काळी सुई आणि बाजूला सुई शून्यावर आणायचा स्क्रू. डॉक्टरांनी मला शहरातून आणलं ते बसमध्ये मांडीवर घेऊन. शेजारच्याने विचारलं, बाळ कुठंय? डॉक्टर म्हणाले, गावभर आहेत.

ते इथे एका वर्षासाठी आले आणि चौतीस वर्षं राहिले. विहिरीत औषध टाकायला स्वतः जायचे. लस टाळणाऱ्याच्या दारात सायकल लावून ठाण मांडायचे आणि टोचल्याशिवाय हलायचे नाहीत. बुधवारी गावातली सगळी तान्ही बाळं दवाखान्यात यायची. डॉक्टर आधी बाळ दोन्ही हातांत तोलायचे, आकडा बोलायचे, मग मला विचारायचे. आकडा बहुतेक बरोबर निघायचा. मग काटा कशाला घेतलात साहेब, असं कंपाउंडर कुरकुरायचा. माझ्या अंगावर अख्ख्या गावाने शू केली आहे. त्यातले काही आता मिशांना पीळ देत फिरतात.

पत्रा गार लागून बाळं भोकाड पसरायची. म्हणून समोरच्या टेलरबाईंनी उरलेल्या कापडाची छोटी गादी शिवून दिली. तेव्हा त्यांना मूल नव्हतं. गादी घातली की कंपाउंडर स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणायचा. ते काम त्याचंच.

एका बुधवारी कंपाउंडर रजेवर होता. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. डॉक्टरांनी गळ्यातला लोकरी मफलर काढला, घडी करून गादीखाली सारला आणि स्क्रूचं विसरले. आपले हात बर्फासारखे झालेत, पोरं दचकतील, असं म्हणून त्यांनी बाळं हातात घेतलीच नाहीत. आयांना थेट पारड्यात ठेवायला लावलं. रांग एवढी की पारडं रिकामं राहिलंच नाही. सगळ्यांची वजनं चढलेली पाहून स्वारी खूश होती. गावाने बाळसं धरलंय, म्हणाले.

टेलरबाईंची मुलगी चार महिन्यांची होती. बाईंनी तिला ठेवलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, दूध ओढत नाही हो नीट. उचलताना हलकी लागते."

डॉक्टरांनी तबकडी पाहिली. "दीडशे ग्रॅम वाढलीय की. आईला आपलं मूल नेहमी हडकुळंच दिसतं."

मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड नाही, सुई आहे, आणि ती खोटं दाखवत होती. वजन घटलेलं दिसलं असतं तर डॉक्टरांनी तिला त्याच दुपारी मोठ्या इस्पितळात नेलं असतं. तसं त्यांनी किती जणांना नेलं होतं. रांग संपताच त्यांनी न बघताच माझ्यावर फडकं टाकलं.

सोमवारी मुलगी गेली. डॉक्टर उशाशी होते, पण उशीर झाला होता.

बुधवारी सकाळी त्यांनी माझ्यावरचं फडकं काढलं. पारडं रिकामं होतं आणि सुई दोनशेवर. ते स्टुलावर बसले ते उठेचनात.

तेवढ्यात टेलरबाई आल्या. मुलीचं उरलेलं औषध परत द्यायला, कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून. तुम्ही धावून आलात, तुमचे उपकार आहेत, असं म्हणून त्या वळल्यासुद्धा. डॉक्टर गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी बाईंना हाक मारली, माझ्यापाशी आणलं आणि गादीखालचा मफलर ओढला. सुई शून्यावर आली.

बाईंनी सुईकडे पाहिलं. "मी म्हणाले होते तुम्हाला."

"म्हणाला होतात. मी आज गावाला सांगतो."

"नका सांगू. लोक यायचे बंद होतील, आणि दुसरा डॉक्टर आहे कुठं? मीही सांगणार नाही." दारातून त्या म्हणाल्या, "पण माझ्या घरी पुन्हा येऊ नका."

त्यानंतर अकरा वर्षं ते राबले. मफलर त्यांनी माझ्याखालच्या टेबलाच्या खणात ठेवला, पुन्हा गळ्यात घातला नाही. बाळ हातात घेतल्याशिवाय माझ्याकडे पाहायचे नाहीत, आणि त्याआधी आईला विचारायचे, उचलताना कसं लागतं? मागच्या थंडीत ते गेले. गाव हळहळलं. इतका रडलेला कंपाउंडर मी कधी पाहिला नव्हता.

आता नवं रुग्णालय झालंय. दारातच कुलूपबंद काचेच्या कपाटात मी आहे, घासूनपुसून लख्ख. कंपाउंडरला खणात मफलर सापडला. साहेबांची आठवण म्हणून त्याने तो मोठ्या प्रेमाने घडी करून माझ्या पारड्यात गादीवर ठेवला. त्या बिचाऱ्याला काय माहीत. लोक काचेला हात लावून नमस्कार करतात.

टेलरबाई दर बुधवारी येतात. केस पांढरे झालेत. त्या नमस्कार करत नाहीत. पारड्यात बाळ नसतानाही दोनशे दाखवणाऱ्या सुईकडे बघत उभ्या राहतात आणि निघून जातात. त्या बोलणार नाहीत, त्यांनी शब्द दिलाय. डॉक्टर असते तर त्यांनी स्वतः कुलूप काढलं असतं.

म्हणून मीच सांगतो. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याने एवढं करावं. मफलर हवं तर शेजारी ठेवा, पण माझ्या पारड्यातून काढा. पुढच्या बुधवारी बाई येतील तेव्हा सुई शून्यावर असू द्या.