आडवा झेबुलन

माउंट नीबो चर्चच्या कब्रस्तानात सगळे मेलेले पूर्वेकडे पाय करून झोपतात. शेवटच्या दिवशी तुतारी वाजली की उठून बसायचं आणि समोर सूर्य, इतका साधा हिशेब. एकटा झेबुलन मंगिन तेवढा आडवा. त्याचे पाय उत्तरेला, नदीच्या अंगाला. आणि आडवं कुणाला पुरतात हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्याच्या हातून काही काळंबेरं घडलं, त्याला.

ओझेला मंगिन ही त्याची पणती. सत्तरी उलटलेली, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. पण तिचाही काय दोष? असा पणजोबा वाट्याला आला तर कुणाचाही स्वभाव तिखट होईल. झेबुलन हा काही ऐरागैरा नव्हता. गुलामी संपल्यावर या काउंटीनं राजधानीच्या सभागृहात पहिला काळा माणूस धाडला तो हाच. नदीपल्याड पोर्ट लॅसिटरच्या कोर्टावर मनोरा आहे, त्यावरचं घड्याळ त्यानंच भांडून मंजूर करून आणलं. पुढे त्याच्या शेवटच्या निवडणुकीत बेटांवरची माणसं होड्या वल्हवत मत द्यायला आली, तर कोर्टाचं दार बंद. वेळ संपली म्हणे. सूर्य अजून डोक्यावरून जेमतेम कलला होता, पण मनोऱ्यावरचं घड्याळ संध्याकाळ दाखवत होतं. कुणीतरी वर चढून काटे पुढे ढकलले होते. झेबुलन पडला, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं आमच्यातलं कुणीच निवडून गेलं नाही.

इथवर गोष्ट सरळ होती. पण मग त्याला पुरलं आडवं, आणि लोकांच्या जिभेला हाड नसतंच. घड्याळ त्याचंच ना, लोक म्हणू लागले, मग काटे त्याच्या नकळत कसे फिरले? कुठेतरी पाणी मुरतंय. शिवाय चर्चमधल्या म्हाताऱ्यांना एक खोड होती. कुणी वेळ विचारली की ते म्हणायचे, "झेबुलनला विचार." आणि हसायचे. का हसतात ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांचे म्हातारे तसं म्हणायचे, म्हणून हेही म्हणायचे. ओझेलाला मात्र तो टोमणा काळजात रुतायचा. या दोन शब्दांपायी तिनं रविवारच्या शाळेत किती पोरांची नाकं फोडली होती, त्याची गणती नाही.

त्या शनिवारी कब्रस्तान साफ करायचा दिवस होता. वर्षातून एकदा सगळी माणसं दंताळी, कोयते आणि झाकलेली भांडी घेऊन जमतात, सकाळभर गवत काढतात आणि दुपारी ओकच्या झाडांखाली पंगत बसते. थडग्यांवरच्या वस्तूंना मात्र कुणी हात लावत नाही. मेलेल्यानं शेवटी वापरलेला कप, औषधाची बाटली, दिवा, पांढरे शंख, सगळं जिथल्या तिथे. तिथली वस्तू घरी नेली तर धनी ती मागायला येतो. ओझेलाच्या चुलतभावाच्या बायकोनं एकदा तिथून एक निळी बशी उचलली होती. दुसऱ्याच दिवशी पळत येऊन ठेवून गेली, आणि काय दिसलं ते आजतागायत सांगत नाही.

यंदा फाटकापाशी नवा ग्रॅनाइटचा दगड उभा राहिला होता. आपल्यातली जी माणसं लोकांनी निवडून दिली आणि इथे पुरली गेली, त्यांची नावं त्यावर. तीन कोरून झाली होती. एक शाळामंडळातल्या बाई, एक मॅजिस्ट्रेट, आणि एक मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर, ज्याच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नव्हतं. खाली एका नावापुरती जागा कोरी होती. कोरणारा सोमवारी परत येणार होता, आणि चौथ्या नावाचा फैसला आज पंगतीआधी हात वर करून व्हायचा होता. ओझेलाला त्या जागेवर झेबुलन हवा होता. आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही, एवढं द्या, असं ती गेले कित्येक रविवार सांगत होती.

अडसर होता तो चर्चच्या कारभाऱ्याचा, डीकन सेफस गेदर्सचा. डीकन ऐंशीच्या पुढचे, काठीसारखे ताठ, आणि चर्चमध्ये त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. तो कॉरोनर त्यांचा सख्खा काका. पण माणूस कपटी नव्हता हेही खरं.

"ओझेला, तुझं मन मोडायला मला आवडतं का?" ते दंताळ्यावर रेलून म्हणाले. "पण त्याचा खड्डा माझ्या आजोबांनी खणला होता. आमच्या आजोबांनी जन्मात एक खड्डा वाकडा खणला नाही. त्यांनी त्याला आडवा ठेवला, म्हणजे त्यांना काहीतरी ठाऊक होतं. ते मी कसं पुसू?"

"काय ठाऊक होतं, तेवढं सांगा."

"ते मला सांगून गेले नाहीत."

"मग तुमच्या आजोबांनी मूग गिळले म्हणून माझ्या पणजोबानं कायमचं चोर राहायचं का?" ओझेला म्हणाली. डीकननी मान हलवली आणि ते गवत ओढू लागले.

ओझेलाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तरातरा झेबुलनच्या थडग्यापाशी गेली. थडगं अगदी कडेला, दलदलीच्या तोंडाशी. डोक्याकडे हातानं ओतलेली सिमेंटची फळी, आणि सिमेंट ओलं असताना त्यात दाबून बसवलेला त्याचा चष्मा. एक काच केव्हाच गेली होती, दुसरी शाबूत. त्या एका काचेसमोर, थडग्याच्या पायाशीच, मेणझुडपांची आणि काटेरी वेलींची भिंत उभी होती. इतकी वर्षं म्हातारा बघतोय काय, तर डास! त्यामागे कागद कारखान्याचं पाइनचं बन होतं, ते गेल्या साली वादळानं झोपवलं आणि मालकांनी लाकूड उचलून नेलं. पण ही झुडपं चर्चच्या हद्दीत, आणि आडव्याच्या वाट्याला कुणी जात नसे.

तिनं भाच्याला, लवारला, हाक मारली. लवार बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याचा धंदा करायचा, त्यामुळे त्याच्या ट्रकमध्ये नाही असं हत्यार नव्हतं.

"करवत आण. हे सगळं काढायचं."

"आत्या, सगळे जेवायला निघालेत. तिकडे कोळंबी तळतायत, वास बघ."

"नाव लागो न लागो, पण याच्या तोंडावरची झुडपं आज जाणार. कोळंबी पळून जात नाही."

लवारनं कोळंबीच्या दिशेनं एक दीन नजर टाकली आणि मोटरवरची करवत सुरू केली. ओझेला स्वतः कोयता घेऊन वेलींवर तुटून पडली. आवाज ऐकून दोघंतिघं आली, तोंडानं नावं ठेवत आणि हातानं फांद्या ओढत. तिकडे लाल भात निवत होता. बायका पदार्थांवरच्या माश्या हाकत आज मंगिनबाई उपाशी मारणार म्हणून कुरकुरत होत्या. मग शेवटचं मोठं झुडूप करकरलं आणि सगळ्या वेलींसकट दलदलीकडे कोसळलं.

ऊन आत आलं. पुढे पिवळं पडलेलं दलदलीचं गवत, त्यापुढे नदी चकाकत होती, आणि नदीच्या पलीकडे, छपरांच्या वर, पोर्ट लॅसिटरच्या कोर्टाचा मनोरा. त्यावर पांढरं तोंड असलेलं घड्याळ.

ओझेलानं कोयता टाकला. ती फळीशेजारी खाली बसली, गुडघे कटकटा वाजले, आणि तिनं आपला गाल सिमेंटला लावून त्या एका काचेच्या रेषेत पाहिलं. घड्याळ नाकासमोर. ती सरकून शेजारच्या थडग्यापाशी गेली. तिथून मनोरा ओकच्या आड. पुन्हा झेबुलनपाशी आली. काटेसुद्धा दिसत होते.

"डीकनना बोलवा," ती म्हणाली.

डीकन आले. चेहऱ्यावर वैताग होता, हातात जेवणाचा रुमालही होता. ओझेलानं नुसतं बोट केलं. त्यांनी पाहिलं, आपला चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि हळूच टोपी काढली.

"अरे देवा," ते म्हणाले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"माझ्या आईची आई सांगायची," ते अखेर म्हणाले. "ती लहान असताना चर्चमध्ये घड्याळ नव्हतं. प्रार्थनेची घंटा वाजवायच्या आधी तिला इकडे पिटाळायचे. जा पोरी, झेबुलनला विचार किती वाजले. आणि ती धावत येऊन वेळ बघून जायची. मला वाटायचं म्हातारी थट्टा करते. मी जन्मल्यापासून इथे पाइनचं बनच पाहिलंय."

ते ओझेलाकडे वळले. "माझ्या आजोबांनी खड्डा वाकडा खणला नाही, ओझेला. त्यानं सांगितलं तसा खणला. त्याला सूर्य नको होता. त्याला त्या घड्याळावर नजर ठेवायची होती, पुन्हा कुणी काटे ढकलू नये म्हणून. डोळ्यात तेल घालून बसलाय इतकी वर्षं, आणि आम्ही त्याला..."

ओझेला रडत होती आणि हसतही होती, आणि कुठलं थांबवावं हे तिला कळत नव्हतं. लवारनं तिला मिठी मारली, तर त्याच्या शर्टाचा भुसा तिच्या तोंडात गेला आणि ती त्याच्यावरच खेकसली. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी गाणं उचललं, टाळ्यांचा ठेका धरला गेला, आणि झुडपं तुडवत सगळे झेबुलनभोवती गोळा झाले. हात वर करायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. डीकननी मोठ्यानं विचारलं, चौथ्या नावाला कुणाची हरकत आहे का, आणि लगेच स्वतःच सांगून टाकलं की असली तरी मी ऐकणार नाही.

पंगत मग झेबुलनपाशीच बसली. लाल भात, तळलेली कोळंबी, खेकड्यांचे वडे, भेंडीचं कालवण, रताळ्याचा गोड केक, सगळी भांडी उचलून इकडे आणली. ओझेलानं पहिलं ताट वाढून थडग्याशी ठेवलं. म्हातारा पायांसमोर घड्याळ घेऊन शांत पडला होता. तिला इतकं हलकं वाटत होतं की तिनं डीकनना दोनदा वाढलं.

खाऊन झाल्यावर डीकन ओकला टेकले. उशीर झाला की काय म्हणून त्यांनी खिशातलं घड्याळ चाचपलं, पण ते कोटात राहिलं होतं आणि कोट गाडीत.

"ओझेला, वाजले किती?"

ओझेला हातातली ताटली खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. जे दोन शब्द ऐकून तिनं पोरांची नाकं फोडली होती, ते तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं उच्चारले.

"झेबुलनला विचारा," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

डीकन उठले, काठी टेकत फळीपाशी गेले, वाकले आणि काचेच्या रेषेत डोळे बारीक करून पाहिलं. इकडे लवारनं आपला फोन बघितला. कोर्टाचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं.

"बघा," ओझेला म्हणाली, "अजून ढकलतायत. सोमवारी नाव कोरून झालं की जाते मी त्या कोर्टात."

"मीही येतो," डीकन म्हणाले.